दहावी झाली, पोरगं कामाला लावायचंय? आधी घड्याळ बघा (अठराच्या आतल्या मुलांच्या कामाच्या तासांचे नियम)

नमस्कार मंडळी. दहावीचा शेवटचा पेपर झाला की आमच्या सोलापुरात घराघरात एकच बोलणं सुरू होतं, रिकामं बसून काय करणार, लावा की कुठंतरी दोन महिने. मग कुणी नव्या पेठेत ओळखीच्या कापड दुकानात, कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल पॅकिंगला, कुणी युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये काजं-बटणाला. मी अशाच छोट्या दुकानांचे आणि शिलाई युनिटचे हिशोब लिहिते, त्यामुळं दर मे महिन्यात माझ्याकडं दोन प्रकारची माणसं येतात. एक आई असते, ती विचारते पगार किती मागू. दुसरा मालक असतो, तो विचारतो ताई, पोरगं सोळाचं आहे, चालतंय का. तास किती हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही, आणि कायद्यात सगळ्यात जास्त बारकाईनं लिहिलंय ते तासांबद्दलच.

मला हे का टोचतं ते सांगते. मी स्वतः सोळाव्या वर्षी एका दुकानात लागले होते, लग्नसराईचे दिवस होते, सकाळी दहाला उभं राहायचं ते रात्री नऊला सुटायचं, जेवायला वीस मिनिटं आणि तीही गिऱ्हाईक नसेल तर. पाय सुजायचे. अकरावीचं पहिलं सहामाही असंच गेलं आणि मला वाटायचं काम म्हणजे असंच असतं. अठराच्या आतल्या मुलीला सातनंतर थांबवताच येत नाही हे मला हिशोबाच्या कामाला लागल्यावर कळलं, म्हणजे तोवर माझं वय निघून गेलेलं होतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय, पहिल्यांदा पोराला कामाला लावणाऱ्या आईबापांसाठी आणि पहिल्यांदा असं पोर ठेवणाऱ्या छोट्या मालकांसाठी पण.

आधी कायदा कुठला ते एकदा बघू. मुख्य कायदा १९८६ चा बालकामगार कायदा, त्यात २०१६ ला मोठा बदल झाला आणि १ सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला. त्या बदलानं दोन गट केले. १४ वर्षं पूर्ण न झालेलं ते बालक, आणि १४ पूर्ण पण १८ पूर्ण नाही ते किशोरवयीन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता आल्या, कारखान्यांचा १९४८ चा आणि विडी कामगारांचा १९६६ चा जुना कायदा त्यात गेला, पण मुलांचा हा १९८६ चा कायदा त्या संहितांत विलीन झालेला नाही, तो वेगळाच आहे. त्यामुळं कुणी "आता सगळे कायदे बदलले, जुनं काय बी राहिलं नाही" असं म्हणालं तर ऐकू नका.

पहिली पायरी : वयाचा कागद

तोंडी वयावर जाऊ नका. "चौदा-पंधरा असेल की" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्या एका वर्षातच सगळा फरक आहे. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला बघा, झेरॉक्स काढून मालकानं फाईलला लावायची. वयावरून वाद झाला आणि कागदच नसेल तर कामगार खात्याचा इन्स्पेक्टर प्रकरण सरकारी डॉक्टरांकडं पाठवतो आणि वय तिथून ठरून येतं, ते कुणाच्या सोयीचं येईल याची खात्री नसते.

१४ पूर्ण नसेल तर विषय संपला, नोकरी नाही. दुकान नाही, हॉटेल नाही, घरकाम नाही, सुट्टीतलं पण नाही. पूर्वी फक्त धोक्याची कामं बंद होती, २०१६ पासून सगळीच बंद. दोनच सवलती आहेत, एक घरच्यांना हातभार लावायची, ती पुढं नीट सांगते कारण सोलापुरात खरा घोळ तिथंच आहे, आणि दुसरी कलाकार म्हणून काम करायची, म्हणजे सिनेमा, मालिका, जाहिरात वगैरे. त्या कलाकारांना पण दिवसात ५ तासांची मर्यादा आहे, सलग ३ तासांवर काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावानं बँकेत ठेव म्हणून ठेवावे लागतात. सर्कसला मात्र ही सवलत नाही.

दुसरी पायरी : काम कसलं आहे

१४ ते १८ च्या मुलांना काम करता येतं पण धोक्याचं नाही. खाणी, स्फोटकं आणि पेटणारे पदार्थ, आणि कायद्यानं धोकादायक ठरवलेल्या प्रक्रिया यात अठराच्या आतलं कुणीच नको. आता पेटणारे पदार्थ म्हटलं की लोकांना वाटतं मोठी फॅक्टरी असेल, पण त्या यादीत फटाके बनवणं, साठवणं आणि विकणं हे तिन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे दिवाळीच्या फटाक्याच्या स्टॉलवर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा नोकरीला उभा करणं हे सरळ बेकायदा आहे, आणि हे दरवर्षी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर चालतं.

यादी लांबलचक आहे, त्यामुळं मशीनवरचं किंवा केमिकलचं काम असेल तर मालकानं ती यादी काढून स्वतः वाचावी किंवा कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन विचारावं. माझं मत विचाराल तर डाय हाऊसमध्ये रंगाच्या हौदापाशी, बॉयलरपाशी आणि चालू मागाच्या पट्ट्यापाशी मी अठराच्या आतलं पोर ठेवूच नका असं सांगते, यादीत शब्द सापडो न सापडो. पॅकिंग, घडी घालणं, लेबल लावणं, काउंटर, स्टॉक लिहिणं ही कामं द्या.

आणि एक गोष्ट, दुकानाची गाडी देऊ नका. १६ वर्षांच्या मुलाला बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्याच गाडीचं लायसन मिळतं. नेहमीची स्कुटी त्याच्यापेक्षा मोठी असते. "जवळच तर जायचंय, पार्सल देऊन ये" म्हणून किल्ली दिली आणि पोरगं पकडलं गेलं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या बदलानंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसरी पायरी : तास, आणि हे सावकाश वाचा

कायद्यातलं कलम ७ म्हणजे हेच. एकेक घेऊ.

सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. तीन तास झाले की निदान एक तास विश्रांती. हा एक तास सलग पाहिजे, चहाला पंधरा मिनिटं, जेवायला वीस मिनिटं, परत पाणी प्यायला पाच असं जोडून तास होत नाही. आणि विश्रांतीत पोराला "जा रे, समोरून चार चहा घेऊन ये" म्हणून पाठवलं तर ती विश्रांती नाही, तो कामाचाच वेळ.

दिवसाची पूर्ण हजेरी सहा तासांत बसली पाहिजे, आणि त्या सहा तासांत विश्रांतीचा तास धरलेला आहे. इथंच सगळे चुकतात. सहा तास काम आणि वर एक तास सुट्टी असं नाही. आल्यापासून जाईपर्यंत सहा तास. म्हणजे हाताला काम जास्तीत जास्त पाच तास.

उदाहरण घ्या, शिलाई युनिट. सकाळी १० ते १ काम, १ ते २ जेवण आणि आराम, २ ते ४ काम, चार वाजता पोरगं घरी. बस, एवढंच. साडेचारला "हा एवढा गठ्ठा संपवून जा" म्हणता येत नाही.

कामाची वाट बघत बसलेला वेळ पण सहा तासांतच मोजायचा, कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. हे आपल्याकडं लई महत्त्वाचं. लाईट गेली, मशीन बंद, पोरगं तासभर पायरीवर बसून, मग मालक म्हणतो तू तासभर बसूनच होतास की, आता तो तास भरून दे. नाही भरून घेता येत. माल यायचा टेम्पो उशिरा आला, तीच गोष्ट. पोरगं तुमच्या जागेवर तुमच्यासाठी थांबलंय म्हणजे त्याचं घड्याळ चालूच आहे.

संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम नाही. सातला म्हणजे सातला. शटर ओढायला, गल्ला मोजायला, माल आत घ्यायला थांबवायचं असेल तर मोठ्या माणसाला थांबवा. मकर संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, गड्ड्यावर होम मैदानात स्टॉल लागतात आणि तिथली खरी गर्दी संध्याकाळनंतरच सुरू होते, त्यामुळं तिथं कामाला ठेवलेलं पोरगं रात्री दहा-अकरापर्यंत राबतं. यात्रा असली, सण असला, तरी सातच्या नियमाला त्यातून सूट नाही. सकाळचं पण तसंच, पेपर एजन्सीनं पहाटे पाचला लाईन टाकायला किंवा डेअरीनं दूध वाटायला नोकरीवर ठेवलेलं पोर या आठच्या नियमात बसत नाही. लोकांना हे पटत नाही, मला माहितीय, कितीतरी चांगली माणसं लहानपणी पेपर टाकून शिकली असं सांगतात. ती शिकली हे खरंच आहे, पण पहाटे चारला उठलेलं पोरगं दुपारी वर्गात झोपतं हे पण मी माझ्या भावाच्या बाबतीत बघितलंय.

ओव्हरटाईम नाही. जास्त पैसे देतो म्हटलं तरी नाही, पोरगं स्वतः करतो म्हणालं तरी नाही, आईनं लिहून दिलं तरी नाही.

आणि एका दिवशी एकाच ठिकाणी काम. सकाळी एका दुकानात तीन तास केले आणि दुपारी दुसऱ्या युनिटमध्ये गेलं, तर दुसऱ्या मालकानं नियम मोडला. म्हणून मालकांनो, ठेवताना सरळ विचारा, बाळा, अजून कुठं जातोस का.

आता कॉलेज आहे त्यांचं काय. सकाळचं ज्युनिअर कॉलेज साडेबाराला सुटलं तर कागदावर १ ते ४ काम, ४ ते ५ आराम, ५ ते ७ काम असं बसवता येतं, नियमात आहे. पण त्या पोराचा दिवस सकाळी सातला सुरू होऊन संध्याकाळी सातला संपला, अभ्यास कधी करणार? मी आयांना सांगते, कॉलेज चालू असताना तीनच तास मागा, ३ ते ६, मध्ये सुट्टीची भानगडच नको, सहाला घरी. पगार कमी येईल, येऊ दे.

चौथी पायरी : आठवड्याची सुट्टी

आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. तो वार कुठला ते दुकानात दिसेल अशा जागी लिहून लावायचा आणि तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो, त्याच्या आत नाही. "या आठवड्यात बुधवारी घे, पुढच्यात बघू" असं चालत नाही.

पाचवी पायरी : मालकाचे कागद

हे वाचून मालकांना टेन्शन येतं पण काम अर्ध्या तासाचं आहे. किशोरवयीन मुलाला ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं, त्यात दुकानाचं नाव-ठिकाण, चालवणारा कोण, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि काम कसलं एवढंच. मग एक रजिस्टर. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांती किती ते किती, काम कसलं. तिसरं म्हणजे नोटीस, धोक्याच्या कामाची बंदी आणि शिक्षा सांगणाऱ्या कलमांचा सारांश मराठीत आणि इंग्रजीत लावायचा.

रजिस्टर रोजच्या रोज लिहा हो. मी महिन्याच्या शेवटी एका पेनानं एका बैठकीत लिहिलेली रजिस्टरं बघितली आहेत, सगळीकडं १० ते ४, आणि त्याच पोराला त्याच महिन्यात मी रात्री आठला दुकानात बघितलेलं असतं. असं रजिस्टर मी हातात घेत नाही, परत देते. आईबापांनी पण घरी एक साधी वही करा, रोज पोरगं किती वाजता गेलं आणि आलं एवढं लिहा. उद्या वाद झाला तर तुमच्याकडं पण काहीतरी लिहिलेलं असेल.

पगाराबद्दल थोडं. शक्यतो पोराच्या खात्यावर घ्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवता येतं, बँकेची मर्यादा काय ती विचारून घ्या. पैसे अडवून ठेवणं, "आई आली की देतो" करत महिनोन् महिने लांबवणं हे साधं नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७९ मध्ये मुलाला कामासाठी बांधून ठेवलं, त्याची कमाई अडवली किंवा स्वतःसाठी वापरली तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे, आणि तिथं मूल म्हणजे १८ च्या आतलं सगळं. उचल देऊन पोराला अडकवून ठेवणारे आहेत, त्यांना हे माहिती असलं पाहिजे. आणि आईबापांनो, पोराच्या कामावर आगाऊ उचल घेऊच नका. घेतली की मग तास, सुट्टी, सात वाजता सोडा, यातलं काहीच तोंड वर करून मागता येत नाही.

घरचाच धंदा असेल तर

१४ च्या आतलं मूल घरच्यांना मदत करू शकतं, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचं काम नसेल तर. घरचे म्हणजे आईवडील, भाऊबहीण, आत्या, काका, मामा, मावशी. शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ नाही, दिवसात तीन तासांपेक्षा जास्त नाही, दमेपर्यंत सलग नाही, आणि मोठ्या माणसाच्या बदली म्हणून तर नाहीच.

पण खरी मेख पुढं आहे. २०१७ च्या नियमांत लिहिलंय की जे काम उत्पादन ते विक्री या साखळीचा भाग आहे आणि ज्याचा पैसा मुलाला किंवा घराला मिळतो ते "मदत" या शब्दात बसत नाही. आता आपल्या घरांत बघा. आई विडी कारखान्यातून पान-तंबाखू आणते, हजार विड्यांवर मजुरी मिळते, आणि आठवीतली पोरगी शाळेतून आल्यावर पान कापून देते, दोरा बांधते. आईला वाटतं माझ्याच घरात, माझ्याच शेजारी बसलीय, यात काय. पण ते काम कारखान्याचं आहे, मजुरीचं आहे. आणि विडी वळणं हे १४ च्या आतल्यांसाठी १९८६ च्या मूळ यादीपासूनच बंद आहे, कापड विणणं, रंगवणं, छापणं पण. तंबाखूची धूळ पोरीच्या नाकातोंडात जाते ते वेगळंच. युनिफॉर्मचं जॉबवर्क घरी आणून पोरांकडून धागे कापून घेणं, बटणं लावून घेणं, तेही यातच येतं. मी विडी कामगारांच्या वस्तीत वाढलेय, कुणाच्या आईला मी नावं ठेवणार नाही, हजार विड्या पूर्ण करायच्या म्हणजे काय असतं ते मला माहितीय. पण पोरीला त्या सुपापासून उठवा एवढं सांगायला मला संकोच वाटत नाही.

आईबापांना शिक्षा होते का असं विचारतात. पहिल्या वेळेला नाही, परत तेच केलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. शाळेचं पण एक आहे, मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी नोडल ऑफिसरला, म्हणजे या कायद्याचं काम बघायला नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायचं असतं.

मालकाला शिक्षा

१४ च्या आतलं मूल ठेवलं, किंवा १४ ते १८ च्या मुलाला धोक्याच्या कामाला लावलं, तर ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. परत केलं तर १ ते ३ वर्षं. हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. तास, सुट्टी, रजिस्टर, नोटीस यातलं मोडलं तर १ महिन्यापर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तक्रार करायची तर

तक्रार कुणीही करू शकतं, नातेवाईकच पाहिजे असं नाही, शेजारी चालतो, दुकानात आलेलं गिऱ्हाईक चालतं. चाईल्डलाईन १०९८ वर फोन फुकट लागतो, तातडीचं असेल तर ११२. केंद्र सरकारचं पेन्सिल नावाचं पोर्टल आहे, त्यावर ऑनलाईन टाकता येतं. नाहीतर सोलापुरातल्या सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन या, शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नका.

फोनवर नुसतं "इथं लहान पोरं काम करतेत" म्हणू नका. दुकानाची जागा खुणेसकट, पोर अंदाजे किती वर्षांचं, काम काय करतं, आणि तुम्ही त्याला किती वाजता बघितलं ते सांगा. वेळ तर नक्कीच सांगा, कारण पोरगं सोळा-सतराचं असेल तर नुसतं काम करताना दिसलं यावरून काही ठरत नाही, पण रात्री साडेनऊला शटर ओढताना दिसलं म्हटलं की तपासायला येणाऱ्याला किती वाजता यायचं ते कळतं.